तास चालू असतानाच कळायला हवं: शिक्षकाची वाढ नेमकी कशात मोजायची?

खडूपाटी:

शिक्षक म्हणून आपण वाढतोय की नाही हे कशावरून ठरवायचं याबद्दल इथल्या शिक्षकांशी बोलायचंय. पालक असाल तरी लिहा, तुमचंही हवंय.

मी गणित शिकवते, साधारण दहा ते चौदा वयाच्या मुलांना. आमच्या क्षेत्रात वाढ म्हटलं की लगेच प्रशिक्षणांची सर्टिफिकेटं, वर्गात आलेला स्मार्ट बोर्ड, एखादं नवीन अ‍ॅप, नाहीतर निकालाची टक्केवारी हेच पुढे येतं. यातलं काही वाईट आहे असं मला म्हणायचं नाहीये, पण मी मागच्या वर्षीपेक्षा बरी शिकवतेय का हे यातल्या कशावरूनच कळत नाही. निकाल तर फार उशिरा येतो आणि त्यात शिकवणी, घरचं वातावरण, पेपर सोपा निघाला की अवघड, सगळंच मिसळलेलं असतं.

माझं माप आता एकच आहे. एखाद्या मुलाला एखादी गोष्ट कळली नाही, किंवा भलतीच कळली, तर ते मला कधी समजतं? पेपर तपासताना? आठवड्याने वह्या बघताना? की त्याच तासात, अजून दहा मिनिटं हातात असताना? हा उशीर जितका कमी होईल तितकी मी पुढे सरकले असं मी धरते. आधुनिक वर्ग कशाला म्हणायचं याचंही माझ्यापुरतं उत्तर तेच आहे, मग त्यात पडदा असो वा साधा फळा.

उदाहरण देते म्हणजे नीट कळेल. ०.४५ मोठं की ०.६? बरीच मुलं ०.४५ म्हणतात, कारण पंचेचाळीस सहापेक्षा मोठे. हे गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. पण जी मुलं ०.६ म्हणतात ना, खरं तर त्यांच्याकडे बघायला हवं. त्यातल्या काहींचा हिशोब असा असतो की टिंबाच्या पुढे जितके जास्त अंक तितकी संख्या लहान, कारण शतांश दशांशापेक्षा लहान असतो असं आपणच शिकवलेलं असतं. म्हणजे उत्तर बरोबर आणि कारण चूक. आपण शाब्बास म्हणतो आणि पुढे जातो. आता याच मुलांना विचारा ०.७५ मोठं की ०.६, ती परत ०.६ म्हणतील. म्हणून मी या दोन्ही जोड्या एकापाठोपाठ एक देते, पहिल्या जोडीत पहिला गट सापडतो आणि दुसऱ्या जोडीत दुसरा, आणि हे सगळं व्हायला दोनतीन मिनिटंच लागतात. घटक चाचणीत यातली एकच जोडी असती तर अर्ध्या मुलांचा घोळ मला वर्षभर कळला नसता.

उत्तर मी पाटीवर मागते. प्रत्येकाकडे छोटी पाटी, सगळ्यांनी लिहायचं, मी सांगितलं की सगळ्यांनी एकदम वर धरायची. हात वर करायला सांगितलं तर ज्यांना येतं त्यांचेच हात दिसतात, दरवेळी तेच पाचसहा, आणि वर्गाला कळलं असं आपण त्या पाचसहा जणांवरून ठरवतो. पाटीमुळे मागच्या कोपऱ्यातलं गप्प मूलही दिसतं आणि त्याला सगळ्यांसमोर उभं राहून बोलावं लागत नाही. कोऱ्या पाट्या वर आल्या तर तेही उत्तरच आहे.

आणि थांबणं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात. सरासरी एखादा सेकंद! तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक स्वतःच बोलायला लागतो, नाहीतर दुसऱ्याला विचारतो. तेच थांबणं तीन सेकंदांच्या वर नेलं की मुलांची उत्तरं लांब झाली, 'माहीत नाही' कमी झालं, एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली. यातला एक भाग फारसा कुणी सांगत नाही तो म्हणजे रो यांनी दोन थांबे मोजले होते, एक प्रश्नानंतरचा आणि दुसरा मुलाच्या उत्तरानंतरचा. दुसरा जास्त कठीण आहे. मूल बोलून थांबलं की आपल्या तोंडून 'बरोबर' निघतंच, आणि 'बरोबर' म्हटलं की बाकी सगळ्यांचा विचार तिथेच संपतो. तुम्ही काहीच न बोलता थांबलात तर ते मूल स्वतःच 'म्हणजे कारण...' असं पुढे बोलतं, आणि त्या 'कारण'च्या पुढेच मला हवं ते असतं.

ही मुलांची कारणं मी एका वहीत लिहून ठेवते, त्यांच्याच शब्दांत, घटकाप्रमाणे. पुढच्या वर्षी तो घटक आला की पाठ टाचण काढायच्या आधी ती वही उघडायची. ली शुलमन या अभ्यासकाने १९८६ मध्ये हे छान मांडलं होतं, की विषयाचं ज्ञान वेगळं, शिकवण्याची सर्वसाधारण पद्धत वेगळी, आणि अमुक विषय शिकणाऱ्याच्या डोक्यात नेमका कुठे अडकतो व तो कुठल्या उदाहरणाने सुटतो हे ज्ञान तिसरंच, ते फक्त शिक्षकाकडे असतं. गणितज्ञाला ते लागत नाही, आपल्याला लागतं. आपली वाढ मुख्यतः या तिसऱ्या ज्ञानाची असायला हवी असं मला फार मनापासून वाटतं आणि त्यासाठी आपल्याला वेळ मिळावा म्हणून भांडायला पाहिजे.

तुमचं माप काय आहे? आणि वर्गात तुम्ही हे कसं करता ते सविस्तर लिहा, विषय कुठलाही असू दे.

---

मधलीसुट्टी:

धागा आवडला. दशांशाची दुसरी जोडी उद्याच विचारणार आहे.

पण पोर्शनचं काय ताई? थांबायचं, पाट्या, मग ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी परत. माझ्या वर्गात खूप मुलं आहेत आणि अभ्यासक्रम पूर्ण झाला नाही तर प्रश्न मलाच विचारले जातात. समजा पाट्या वर आल्या आणि निम्म्या चुकीच्या निघाल्या, तर बाकीच्या निम्म्यांना बसवून ठेवायचं का? हे मी विरोधासाठी लिहीत नाहीये, खरंच अडलंय.

---

खडूपाटी:

मधलीसुट्टी, प्रश्न अगदी रास्त आहे.

आधी निम्म्यांचं. तिथेच तर मजा आहे, कारण निम्मी चूक असतील तर मी परत शिकवतच नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९१ पासून ही पद्धत वापरली. संकल्पनेवरचा एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर निवडायचं, मग शेजारच्याला पटवून द्यायचं, मग परत उत्तर निवडायचं. त्यांचा अनुभव असा की साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर ही चर्चा सगळ्यात उपयोगी पडते. त्याच्या खाली असेल तर चर्चा करायला वर्गात पुरेसं कुणाला कळलेलंच नसतं, म्हणून आपण परत समजावायचं, आणि वर असेल तर पुढे जायचं. ज्याला आत्ताच कळलंय त्याला आपण कुठे अडकलो होतो हे आठवत असतं, आपण ते कधीच विसरून गेलेलो असतो. म्हणून कधीकधी शेजारचं मूल आपल्यापेक्षा बरं समजावतं. आणि ज्यांचं बरोबर होतं ती बसून राहत नाहीत, कारण पटवून द्यायला कारण शोधावं लागतं, नुसतं उत्तर सांगून भागत नाही.

फक्त एक पाळा, पहिल्यांदा एकट्याने लिहून झाल्याशिवाय बोलू द्यायचं नाही. नाहीतर हुशार मूल सांगतं आणि बाकीची उतरवून घेतात.

पोर्शनबद्दल. तासभर पाट्या घेऊन बसायचं नाही. टाचण काढताना ठरवायचं की या तासात असा कुठला एक मुद्दा आहे जो चुकला तर पुढचं सगळं चुकेल. त्यावरच थांबायचं. बाकीच्या ठिकाणी मी बऱ्यापैकी वेगाने जाते. उजळणीत वेळ वाचतो तो वेगळाच. घटक संपल्यावर परत सगळं वाचून दाखवणं मी करत नाही, त्याऐवजी रोज तासाच्या सुरुवातीला जुन्या घटकांवरचे दोनतीन प्रश्न, वह्या बंद, आठवून लिहायचं, मार्क नाहीत. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग यावर फार बोलका आहे. कॉलेजच्या मुलांना उतारे दिले, काहींनी परत वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ५६ टक्के आणि परत वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. आपण तासाच्या शेवटी वर्गाकडे बघून खूश होतो ते त्या पाच मिनिटांवर, परीक्षा मात्र आठवड्यांनी असते.

---

रोपवाटिका:

मी विज्ञानाची. 'कारण'च्या पुढेच मला हवं ते असतं, हे वाक्य मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं.

माझ्याकडचं सांगते. झाडाचं लाकूड कुठून येतं? एवढं मोठं झाड, त्याचं वजन आलं कुठून? प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या घडाघडा म्हणणारी मुलं इथे हमखास 'मातीतून' म्हणतात. मोठी माणसंही म्हणतात, विचारून बघा. व्याख्येत कार्बन डायऑक्साइड आहे, मुलं ते पाठही करतात, पण हवेतून एवढं घट्ट जड लाकूड तयार होतं हे मनाला पटतच नाही कारण हवेला वजन असतं हेच आतून पटलेलं नसतं. तर अडचण झाडांच्या धड्यात नसतेच, ती हवेच्या धड्यात असते, आणि हे मला मुलांची कारणं ऐकल्याशिवाय कधीच समजलं नसतं.

मग मी व्हॅन हेल्माँटचा प्रयोग सांगते. सतराव्या शतकातला माणूस, त्याने २०० पौंड वाळवलेली माती कुंडीत घेतली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं, आणि माती परत वाळवून तोलली तर कमी झाली होती जेमतेम दोन औंस. हे लेखन त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापलं गेलं. इथे मी थांबते आणि विचारते, मग वजन आलं कुठून? मुलं म्हणतात पाण्यातून. आणि खुद्द व्हॅन हेल्माँटनेही तेच म्हटलं होतं! हे ऐकल्यावर वर्गाचा चेहरा बदलतो, म्हणजे चुकीचं कारण देणारे आपण एकटे नाही, एक मोठा शास्त्रज्ञही याच पायरीवर उभा होता हे त्यांना कळतं, आणि मग मुलं आपली कारणं लपवत नाहीत. माझ्या मते तुमच्या मापाला हीच पूर्वअट आहे. चूक सांगायला वर्ग सुरक्षित नसेल तर पाट्यांवर शेजाऱ्याची उत्तरं दिसतील.

---

एकपालक:

मी शिक्षक नाही, पण विचारलंय म्हणून लिहितो. माझ्या मुलीच्या बाईंनी यंदा निबंधांवर मार्क देणं बंद केलंय, फक्त खाली दोन ओळी लिहितात, आणि मुलीने तोच निबंध परत लिहायचा. मला आधी वाटलं की मुलगी कुठे आहे हे आम्हाला कसं कळणार, मार्क असले की निदान अंदाज येतो. यामागे काही विचार असतो का?

---

शब्दवेल:

एकपालक, मी भाषा शिकवते आणि हेच करते, म्हणून उत्तर देते.

विचार असतो. रूथ बटलर यांचं १९८८ चं एक संशोधन आहे. मुलांच्या कामावर तीन प्रकारे प्रतिसाद दिला, काहींना फक्त मार्क, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली. फक्त मार्कवाल्यांचं तसं झालं नाही, त्याचं फारसं आश्चर्य नाही. पण दोन्ही दिलेल्यांचं काय झालं बघा, शेऱ्याचा फायदा मार्कांनी पुसून टाकला. मार्क दिसला की मूल शेरा वाचतच नाही, आणि शेजाऱ्याचा मार्क बघतं. हे मी माझ्या वर्गात रोज बघते.

पण नुसते मार्क काढले म्हणजे झालं असंही नाही. शेरा कसा आहे त्यावर सगळं आहे. 'छान, अजून प्रयत्न कर' याने काहीच होत नाही. १९९६ मध्ये क्लूगर आणि डिनिसी यांनी प्रतिसादावरचे पुष्कळ प्रयोग एकत्र तपासले तर एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी प्रतिसादाने कामगिरी उलट घसरली होती. लक्ष कामावरून उडून माणसावर गेलं की तसं होतं असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी शेऱ्यात मुलीबद्दल काही लिहीत नाही, मजकुराबद्दल लिहिते. उदाहरणार्थ, 'दुसऱ्या परिच्छेदात आजोबा रागावले असं तू सांगितलंस. ते रागावले की काय करतात ते लिही आणि रागावले हा शब्द काढून टाक.' यावर मुलीला नेमकं काय करायचं ते कळतं. आणि ते करायला वर्गातच वेळ द्यायचा, घरी नाही, नाहीतर शेरा वाया जातो.

तुम्हाला मुलगी कुठे आहे हे हवंय ना, तर पहिला निबंध आणि परत लिहिलेला निबंध शेजारी ठेवून वाचा. बाईंना भेटाल तेव्हा तेच दोन कागद समोर घ्या, बोलणं फार वेगळं होईल.

वह्या तपासण्याबद्दल सहशिक्षकांना पण एक सांगायचंय. प्रत्येक शुद्धलेखनाच्या चुकीवर लाल गोल करत रात्री जागू नका. एका वेळी एकच गोष्ट बघायची, ती मुलांना आधी सांगायची. आपला शिणवटा हा पण शिकवण्याच्या दर्जाचाच भाग आहे, थकलेल्या माणसाला तीन सेकंद थांबता येत नाही.

---

नवाखडू:

सगळं वाचतेय. मी या वर्षीच शिकवायला लागलेय.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, शेजाऱ्याला पटवून द्या म्हटलं की वर्गात आवाज होतो, आणि मला ऐकवलं गेलंय की तुझा वर्गावर कंट्रोल नाही. दुसरं, वर्गात कुणी येऊन बघावं असं मनापासून वाटतं पण पाठ निरीक्षण म्हटलं की माझे हातपाय गार पडतात, मग मी तो तास नेहमीसारखा घेतच नाही, सगळं बसवलेलं होतं. खडूपाटी मॅडम, तुम्हाला हे सगळं कळायला लागलं ते एकट्याने की कुणाबरोबर?

---

सुलभक:

मी प्रशिक्षणं घेतो, आधी बरीच वर्षं वर्गात होतो. सर्टिफिकेटांवरून वर जे लिहिलंय ते मला पटतं आणि ते आतून सांगायला हवं म्हणून लिहितोय.

एक दिवस हॉलमध्ये बसवून दाखवलेली पद्धत दुसऱ्या दिवशी वर्गात उतरत नाही, आणि यात शिक्षकांचा आळस नसतो. ब्रूस जॉईस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकातच दाखवलं होतं की सिद्धांत सांगितला, प्रात्यक्षिक दाखवलं, तिथल्या तिथे सरावही करून घेतला, तरी ती गोष्ट रोजच्या वर्गात रुजायला वर्गाच्या आसपास कुणीतरी सोबत लागतं, जो पुढचे काही आठवडे बघेल, बोलेल, परत करून बघायला लावेल. प्रशिक्षणाचा खर्च आणि ताकद या सोबतीवर जायला हवी, असं मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो.

आणि आम्ही काय शिकवतो हेही तपासायला हवं. मुलं दृश्य, श्राव्य, कृतिशील अशी असतात, ज्याला जसं हवं तसं शिकवा, हे अजून कितीतरी सत्रांत सांगितलं जातं. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरचे पुरावे तपासले आणि मुलांच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने ती जास्त शिकतात याला पुरेसा आधार सापडत नाही असं स्पष्ट लिहिलं. चित्र, बोलणं, हाताने करणं हे सगळं वर्गात हवंच, पण ते घटकाच्या गरजेप्रमाणे. नकाशा सगळ्यांनीच बघायचा असतो आणि कविता सगळ्यांनीच ऐकायची असते. मुलांना अशी लेबलं लावली की 'मी श्राव्य आहे, मला आकृती जमत नाही' असं ती स्वतःच म्हणायला लागतात, मला ते फार टोचतं.

नवाखडू, आवाजाबद्दल एवढंच की बोलायच्या आधी वेळ ठरवून द्या, दोन मिनिटं, आणि थांबण्याची एक खूण ठरवा, हात वर किंवा टाळी, आणि तिचा सराव पहिल्या आठवड्यात वेगळा करून घ्या. तो कामाचा आवाज आहे हे बाहेरच्याला कळायचं असेल तर प्रश्न फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला असू द्या. दारातून बघणाऱ्याला मुलं कशावर बोलताहेत ते लगेच दिसतं.

---

मागचाबाक:

एक मुद्दा राहिला. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या गृहपाठाचा काहीच भरवसा राहिला नाही, मी मोठ्या मुलांना इतिहास शिकवतो. इतके गुळगुळीत निबंध येतात की त्यावरून मुलाला काय कळलं हे ओळखायचा मार्गच बंद झालाय. पकडायची सॉफ्टवेअरं मी वापरत नाही, ती निर्दोष मुलालाही दोषी ठरवू शकतात आणि एकदा असं झालं की ते मूल आपल्यावर परत विश्वास ठेवत नाही.

मी उलटं केलंय. वाचन घरी, लेखन वर्गात. वर्गात एक मूळ कागद द्यायचा, एखादं पत्र, एखादी जाहिरात, एखादा सरकारी आदेश, आणि विचारायचं की हे कुणी लिहिलं, कुणासाठी, आणि यात काय सांगितलेलं नाही. त्यावर दहा ओळी हाताने. कधी मुद्दाम मशीनने लिहिलेला उताराच आणतो आणि मुलांना त्यातला प्रत्येक दावा मूळ कागदाशी ताडून बघायला लावतो. मुलं त्यात फार रमतात आणि फार बारीक बघतात. खडूपाटींच्या मापाने पाहिलं तर गृहपाठावरून जे मला आठवड्याने कळायचं ते आता तासात कळतंय, आणि आता ते खात्रीचंही आहे.

---

खडूपाटी:

मागचाबाक, 'यात काय सांगितलेलं नाही' हा प्रश्न मी शब्दरूपी उदाहरणांसाठी वापरणार. सुलभक, शब्दवेल, रोपवाटिका, फार मोलाचं लिहिलंत.

नवाखडू, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, एकट्याने नाही. आमच्याकडे आम्ही तिघीजणी आहोत, विषय वेगळे आहेत. जपानमध्ये 'जुग्यो केंक्यू' म्हणून पद्धत आहे, तिथल्या शाळांत कित्येक पिढ्यांपासून चालते. काही शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात, मुलं काय काय उत्तरं देतील याचा अंदाज आधी लिहून काढतात, एकजण तो पाठ घेतो, बाकीचे बघतात. बघतात ते मुलांकडे. मग बसून पाठावर बोलतात, दुरुस्त करतात, आणि पुष्कळदा दुसऱ्या वर्गात परत घेतात. पाठ सगळ्यांचा असतो म्हणून घेणाऱ्यावर कुणी बोलत नाही. आम्ही याचं अगदी लहान रूप करतो, एक प्रश्न, एक मैत्रीण, पंधरावीस मिनिटं.

तू असं कर. जी बघायला येणार तिला सांग की माझ्याकडे बघायचं नाही, माझं अक्षर, आवाज, फळा काही नाही. तिने चार मुलं निवडायची, त्यांच्याजवळ बसायचं, आणि ती काय लिहितात, काय खोडतात, शेजाऱ्याला काय सांगतात तेवढंच शब्दशः टिपायचं. नंतर बोलताना तिने मत द्यायचं नाही, फक्त टिपलेलं वाचून दाखवायचं, मतं तू काढायची. आणि पुढच्या वेळी तू तिच्या वर्गात जायचं, हे महत्त्वाचं, एकतर्फी असलं की त्याला परत निरीक्षणाचा वास येतो. कुठलाही फॉर्म नाही, वर कुणाला रिपोर्ट नाही. कुठला घटक चालू आहे तुझा?

---

नवाखडू:

परिमिती आणि क्षेत्रफळ. माझ्या शेजारच्या वर्गाच्या मॅडमना विचारलं, त्या गुरुवारी येते म्हणाल्या!! प्रश्न मी असा काढलाय: आयताची परिमिती वाढली की क्षेत्रफळ वाढतं का? हो की नाही?

---

खडूपाटी:

घटक छान आहे, यात मुलं खूप बोलतात. प्रश्न थोडा बदल. हो-नाही ठेवलंस तर निम्मी मुलं अंदाजानेच बरोबर येतील, आणि 'नाही' लिहिणाऱ्याच्या मनात 'कधीच वाढत नाही' असेल की 'दरवेळी वाढतंच असं नाही' असेल हे तुला पाटीवरून कळणार नाही. तीन पर्याय दे, नेहमी वाढतं, कधी वाढतं कधी नाही, कधीच वाढत नाही. आणि पर्यायाबरोबर पाटीवर दोन आयत काढून मापं लिहायला सांग, म्हणजे कारण आपोआप बाहेर येतं.

बहुतेक मुलं 'नेहमी' म्हणतील आणि २ बाय ३, ४ बाय ५ असे दोन्ही बाजू वाढवलेले आयत काढतील. त्यांना चूक म्हणू नकोस, त्यांच्या आयतांसाठी ते खरंच आहे. फळ्यावर फक्त ४ बाय ४ आणि ९ बाय १ काढ, काही बोलू नकोस, त्यांनाच दोन्ही मापं काढू दे. पहिल्याची परिमिती १६ आणि क्षेत्रफळ १६, दुसऱ्याची परिमिती २० आणि क्षेत्रफळ ९. इथे एखादं मूल नक्की म्हणेल की चौरस आयत नसतो, तो वाद होऊ दे पण लांबवू नकोस, हवं तर ५ बाय ३ घे, परिमिती १६ च राहते आणि क्षेत्रफळ १५.

आणि मॅडमना आधीच सांगून ठेव की ९ बाय १ बघितल्यावर त्या चार मुलांनी पाटीवर आधी काय खोडलं, आयत की पर्याय, ते टिपून घ्या. ज्यांनी आयत खोडला त्यांना अजून वाटतंय की आपलं उदाहरण चुकलं, नियम बरोबरच आहे. शुक्रवारचा तास त्यांच्यापासून सुरू कर.